जनाला मिळालेलं वर्ष

मला जनाचा हेवा वाटतो. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला उगाच अंदाज बांधत बसायला नको. लोक म्हणतात, वय झालं की असली भुतं आपोआप उतरतात. माझं काही उतरलेलं नाही. जना माझा मित्र आहे. माझ्या मुलीच्या लग्नात तो पंगतीत वाढत होता आणि त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखान्यात बसून होतो. माझे गुडघे अजून शाबूत आहेत. तेवढ्या एका बाबतीत मी त्याच्या पुढे आहे.

मी नाटकात काम केलं, असं सांगितलं की लोक विचारतात, कोणतं काम केलंत? म्हणजे राजा, प्रधान की नुसताच शिपाई. मी म्हणतो, मी रंगमंच व्यवस्थापक. मग समोरचा "अच्छा अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. तर थोडक्यात सांगतो. नायक रागानं पेला आपटतो, तो पेला तिथं असला पाहिजे आणि फुटला तरी चालेल असा असला पाहिजे. नायिका दूध पिते, ते दूध नसून तांदळाची पेज असते, कारण दुधानं घशात चिकटा येतो आणि पुढचं वाक्य अडकतं. दार वाजायचं त्या क्षणी कुणीतरी ते वाजवावं लागतं. तिसरी घंटा, दिवे, पडदा, शिवाय मुख्य नट ऐन वेळी तंबाखू मळायला कुठे जाऊन बसलाय याचा शोध, हे सगळं माझ्याकडे. आमचे नाना, म्हणजे आमच्या मंडळींतले कायमचे नायक, दुसऱ्या अंकाआधी हटकून गायब व्हायचे. मी शेवटी त्यांची तंबाखूची डबी माझ्या खिशात ठेवायला लागलो. डबीच्या मागे मागे नाना यायचे.

हे मी कुठे शिकलो? कुठेच नाही. आमची शिरगावला वाडी, नारळ आणि पानवेली. वडिलांची इच्छा मी वाडी बघावी. मी बघायचो, पण सायकलवरून पालघरला तालमीला पळायचो. साठच्या दशकाची ती सुरुवात. पालघर तेव्हा तालुक्याचं साधं गाव होतं. शिक्षक, कचेरीतले कारकून, दोन-तीन दुकानदार अशी आमची हौशी मंडळी. बायकांचं काम करायला मुंबईहून शालिनीबाई यायच्या. त्यांना स्टेशनवरून आणणं, जेवू घालणं आणि परतीच्या गाडीत बसवणं हेही व्यवस्थापकाचंच काम.

जनाला नाटकात मी आणलं. हे वाक्य जरा ठळक अक्षरात छापा, असं मी संपादकांना सांगणार होतो. जनार्दन सातपाटीचा, घरची होडी, आम्ही शाळेत एका बाकावर होतो. आमचा पडदा होता गुंडाळी पडदा, तळाला जाड बांबू, दोर ओढला की खालून वर गुंडाळत जायचा आणि उतरवतानाही दोर जोर लावून धरावा लागायचा. तो इतका जड होता की मास्तर लोकांच्या हातून अर्ध्यावरच राहायचा. म्हणून मी जनाला सांगितलं, तुझे होडीवरचे तीन गडी घेऊन ये. ते चौघं आले. पालघरच्या शाळेच्या हॉलमध्ये त्यांनी दोर हातात घेतला आणि ओढला. पडदा भुर्रकन वर गेला. पण त्याबरोबर चौघंही एका सुरात ओरडले, "हैया हो!"

आता हा त्यांचा दोष नव्हे. होडी वाळूवर ओढायची तर कुणीतरी आवाज द्यायचा आणि बाकीच्यांनी त्यावर जोर लावायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. हाताला दोर लागला की तोंड उघडतं. मी समजावलं, आमची नाटकं बसवणाऱ्या मास्तरांनी समजावलं. चौघं माना डोलवायचे, दोर धरायचे आणि पुन्हा "हैया हो!" स्टेजवर शालिनीबाई मेलेल्या मुलाचा सदरा छातीशी धरून उभ्या आणि विंगेतून होडी निघालेली.

"भालू, आमी तरी काय करू?" जना म्हणाला. "आवाज दिल्याबिगर जोर येतच नाय."

मी विचार केला आणि घडा मागवला. प्रत्येकाला सांगितलं, दोर धरायच्या आधी तोंडात घोटभर पाणी घ्या आणि पडदा पूर्ण पडेपर्यंत गिळू नका, थुंकू नका. तोंडात पाणी असलं की माणूस ओरडणार कसा? गाल फुगवलेले ते चौघं दोर ओढतायत हे दृश्य असं होतं की हसू आवरायला मलाच पाणी घ्यावं लागलं. पण पडदा मुकाट्यानं पडला. तेव्हापासून आमच्या विंगेत घडा कायमचा.

मग ती शिष्यवृत्ती आली. मुंबईच्या एका धनिकानं नाटकासाठी विश्वस्त निधी ठेवला होता. दर वर्षी गाणाऱ्या किंवा अभिनय करणाऱ्या तरुणाला पैसे मिळायचे. त्या वर्षी कुणाला काय सुचलं कोण जाणे, त्यांनी ती पडद्यामागच्या माणसासाठी ठेवली. एक वर्ष मुंबईला राहायचं, राहण्या-जेवणाची सोय, वर हातखर्च, आणि तात्या नावाच्या जुन्या जाणत्या व्यवस्थापकाच्या हाताखाली मोठ्या नाट्यगृहात काम शिकायचं. मास्तरांनी ही बातमी तालमीत वाचून दाखवली तेव्हा माझे कान तापले. आमच्यासारख्यांना कुणी शिकवतं, त्यासाठी वर पैसे देतं, हे मला स्वप्नात सुचलं नसतं. मला ते वर्ष हवं होतं. बायको हवी, नोकरी हवी असं वाटण्याच्या त्या वयात मला फक्त तेवढंच हवं होतं.

मास्तरांनी माझं नाव पाठवलं. आणि जनाचंही पाठवलं. का, तर दोन नावं पाठवावीत असं कळवलं होतं. "तुझंच होणार रे, हे आपलं रिवाजापुरतं," असं मास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले. जना म्हणाला, "मी कसला जातंय? होडी कोन बघेल?" तेव्हा तो मला फार आवडला होता.

परीक्षा अशी. एकच नाटक, तीच मंडळी. पहिल्या रविवारी दुपारी पालघरला मी चालवायचं, पुढच्या रविवारी बोईसरला जनानं. तात्या प्रेक्षकांत बसून बघणार. ज्याची पाळी नाही त्यानं पडद्यामागे पाऊल टाकायचं नाही. अपवाद एवढाच की माझ्या वेळी जना दोर ओढायला होता, कारण दोर ओढायला दुसरं होतं कोण?

माझा प्रयोग मी आजही अंथरुणावर पडल्या पडल्या पहिल्या घंटेपासून चालवू शकतो. शालिनीबाईंना सकाळच्याच गाडीनं आणून आमच्या घरी आईच्या हातचं जेवू घातलं, म्हणजे गाडी चुकण्याची भीती नाही. नानांची डबी खिशात. मिशीची दुसरी जोडी तयार. डगमगणारी खुर्ची मी आदल्या दिवशी सुताराकडून ठोकून आणली. वीज टिकण्याचा भरवसा नाही म्हणून स्टेजवरचा कंदील खोटा न ठेवता खरा, पेटता ठेवला. हॉल रेल्वेला लागून. गुजरातकडून येणारी मेल शिट्टी फुंकत जायची आणि तेवढा वेळ कुणाचं काही ऐकू यायचं नाही. ती नेमकी शालिनीबाईंच्या प्रसंगात येणार हे मी तालमीत हेरलं होतं, म्हणून पहिली घंटाच जरा पुढे ढकलली. मेल आली ती मध्यंतरात. लोक भजी खात होते, कुणाला पत्ताही लागला नाही. घड्यातलं पाणी चौघांनी घेतलं. जनाचे गाल सगळ्यांत फुगलेले. पडदा पडला. हॉलमध्ये बायका डोळे पुसत होत्या.

तात्या मागे आले. बारीक माणूस, पांढरं धोतर, खांद्यावर पिशवी. नानांना म्हणाले, छान. शालिनीबाईंना म्हणाले, वा. माझ्याकडे बघून म्हणाले, "प्रयोग जरा उशिरा सुरू झाला." आणि स्टेशनकडे चालायला लागले.

मेलचं मी त्यांना सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मी तोंड उघडलंही होतं. पण आपलं काम आपणच समजावून सांगायचं, हे कसं वाटतं? दिसलं तर दिसलं.

पुढच्या रविवारी बोईसर. तिथं नुकतीच बांधकामाची लगबग सुरू झाली होती. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं आणि कुठकुठले मजूर, मुकादम, गवंडी येऊन उतरले होते. हिंदी कानावर पडायला लागली होती. भाताच्या एका मोठ्या, बिनखिडक्यांच्या गोदामात स्टेज बांधलं होतं. मी पोरासोरांच्या मागे, तात्यांच्या पाठीच्या खुर्चीवर. जना चुकावा असं मला वाटत होतं. काहीतरी पडावं, फुटावं, नाना हरवावेत, असं मी मनापासून चिंतत होतो. इतक्या एकाग्रतेनं मी देवापुढेही कधी बसलो नव्हतो.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या आणि शेवटच्या अंकाची अखेर आली. शालिनीबाई सदरा छातीशी धरून उभ्या. गोदामात चिडीचूप. आता पडदा हळूहळू उतरायचा. आणि विंगेतून आवाज आला, "हैया हो!"

घडा विसरला होता! विसरला कसला, आणलाच नव्हता. नंतर कळलं, गडी कुरकुरले होते की आता आम्हाला सवय झाली, पाणी कशाला? आणि जना त्यांना "बरं" म्हणाला होता. हे एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. पण समोर बसलेले अर्धे लोक दिवसभर लोखंडाच्या तुळया ओढणारे. त्यांना काय, ओळखीची हाक आली. मागच्या रांगांतून धडाक्यानं उत्तर गेलं, "हैया!" सगळं गोदाम हसायला लागलं. "और जोर से!" कुणीतरी ओरडलं. गडी लाजून थांबले, पडदा कमरेइतका येऊन अडकला आणि त्याखाली शालिनीबाईंचे नुसते पाय दिसत होते.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवले. माझं वर्ष माझ्या हातात आलं होतं.

तेवढ्यात सगळे दिवे गेले. अंधार. लोक हसता हसता थबकले. वीज गेली म्हणून कुणी चुकचुकलं. पण वीज गेली नव्हती, जनानं मुख्य बटण ओढलं होतं. स्टेजवर फक्त कंदील उरला. खरा, पेटता कंदील. माझा कंदील! मी तो ठेवायला लावला म्हणून तो तिथं होता. पडदा सावकाश थोडा वर गेला आणि कंदिलाच्या उजेडात शालिनीबाईंचा चेहरा पुन्हा दिसला. नंतर त्या सांगायच्या, विंगेतून जना पुटपुटत होता, "बाई, हलू नका. नुसत्या उभ्या ऱ्हावा." त्या उभ्या राहिल्या. लोक एकेक करून गप्प होत गेले. गोदाम पुरतं शांत झालं तसा पडदा खाली यायला लागला, इंच इंच, आवाज नाही, कुरकुर नाही. जनानं गड्यांना बाजूला केलं होतं आणि चौघांचा दोर तो एकटा सोडत होता. बांबू जमिनीला टेकला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतला एक दाढीवाला गवंडी रडत होता.

तात्या उठून थेट मागे गेले. मीही गेलो, आता मनाई कोण करणार? तात्यांनी जनाचे हात उलटे करून बघितले. तळव्यांची सालं निघाली होती.

"दुखतंय का?"

"होडीवर याच्यापरीस जास्ती होतं," जना म्हणाला.

निकाल तिथंच लागला. मी तात्यांना स्टेशनपर्यंत पोचवायला गेलो. पिशवी मीच घेतली होती. न राहवून विचारलं, माझं काय चुकलं?

"चुकलं काहीच नाही," तात्या म्हणाले. "पण अडचण आली की माणूस काय करतो ते मला बघायचं असतं. तुझ्यावर अडचण आलीच नाही."

आलीच नाही! अहो, मी येऊ दिली नाही! ती आठ दिवस दारात उभी होती, खुर्चीच्या पायात, नानांच्या डबीत, मेलच्या शिट्टीत, त्या चौघांच्या घशात, आणि मी तिला एकेका जागी अडवून ठेवलं होतं. हे सगळं मी बोललो का? नाही. गाडी आली, मी पिशवी वर दिली, नमस्कार केला. ज्याच्या हातून आग लागली त्यानंच ती विझवली म्हणून त्याचा सत्कार, आणि ज्याच्या घरी आग लागलीच नाही त्याला कुणी विचारत नाही. आमच्या धंद्याचा हा न्याय मला त्या फलाटावर कळला आणि आजतागायत तो मला मान्य नाही.

होडी कोण बघेल म्हणणारा जना पंधरवड्यात मुंबईला गेला. होडी त्याच्या भावानं बघितली.

ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. जनाची आई पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. मला बघितलं की लांबून हाक मारायची, "भालू, इकडं ये! जनाचा निरोप हाय. त्याला पैसं देऊन शिकवतात रे! आमी कदी ऐकलं नाय असं." आणि वर दोन बोंबील जास्तीचे टाकायची. मी काही दिवस दुसरीकडून मासळी घेऊन पाहिली. ती ताजी नसायची. शेवटी माझ्या आईनंच ओरडून मला परत मावशीकडे, म्हणजे जनाच्या आईकडे, पाठवलं. जनाचं कौतुक ऐकायचं आणि बोंबील घ्यायचे, असं ते वर्ष काढलं.

जना सणासुदीला यायचा. पायात बूट. बोलताना "क्यू" म्हणायचा, म्हणजे नटाला किंवा दिवेवाल्याला द्यायची खूण. चाकांवर सरकणारी दोन मजली घरं, छपरातून उतरणारी झाडं, दिव्यांचा उजेड मंद करणाऱ्या दांड्या, काय काय सांगायचा. मी म्हणायचो, "असेल, असेल." आणि रात्री डोळे मिटून ती घरं सरकवत बसायचो. पुढच्या वर्षी मी पुन्हा अर्ज करणार होतो, पण निधीवाल्यांनी शिष्यवृत्ती परत गाणाऱ्यांना दिली. पडद्यामागच्या माणसाला ती पुन्हा कधी मिळाली नाही. एकदाच दार उघडलं आणि त्यातून जना आत गेला.

मी इथलाच राहिलो. सफाळ्यापासून डहाणूपर्यंत जिथं जिथं नाटक लागलं तिथं मी विंगेत होतो. दहा-बारा जणांना मी हे काम शिकवलं, शिष्यवृत्ती नाही की काही नाही, चहा माझ्याच खिशातून. घडा मात्र प्रत्येकाला दाखवला.

ते दशक सरता सरता जना एका नामवंत कंपनीचा व्यवस्थापक होऊन बोईसरला आला. वसाहत उभी राहिली होती, नवं सभागृह झालं होतं. रविवारी दुपारचा प्रयोग. मी सकाळीच गेलो, काय काय आणलंय ते बघायला. जना माझीच वाट बघत होता.

"भालू, आज तू चालव."

"का? तुला काय झालं?"

"आई येतेय. तिनं माजं नाटक कदी बघितलं नाय. म्हनते, बाजूला बस, मला कळत नाय ते सांग. कंपनीला मी बोललोय." मग म्हणाला, "दुसऱ्या कोनाच्या हातात दिलं असतं तर मी खुर्चीत बसलो नसतो."

मी सकाळभर ते नाटक पाठ केलं. सरकणारं घर प्रथमच हातानं सरकवलं आणि त्याचं डावं चाक अडखळतंय हे माझ्या लक्षात आलं. तेल मागवलं. पडदा आता यंत्राचा होता, पण मी यंत्रावरच्या माणसाला शिंक येते का तेसुद्धा विचारून घेतलं. प्रयोग झाला. काहीही घडलं नाही.

पडदा पडल्यावर जना मागे आला. डोळे लाल.

"भालू, आज मी नाटक बघितलं रे. एवढे प्रयोग केले, पन बघितलं आज. तीन अंकांत तुजी एकदा पन आठवन नाय आली मला."

कुणी दुसरा असता तर मी त्याला उलट दोन शब्द सुनावले असते. पण विंगेतल्या माणसाला विंगेतला माणूस याहून मोठं काही देऊ शकत नाही. मी जवळ पडलेला एक दोर गुंडाळत राहिलो.

तेवढ्यात मावशी आल्या, नवं लुगडं, डोक्यात अबोली. मला बघून थबकल्या.

"भालू! तू कदी आलास? नाटकाला दिसला नाय कुठं. चुकवलंस बघ. माजा जना नुसता बाजूला बसला व्हता, तरी सगळं कसं बरोबर चाललं!"

जना काहीतरी सांगायला गेला. मी त्याला डोळ्यानं गप्प केलं आणि म्हटलं, "हो ना मावशी, जनाचं काम तसंच हाय."

आयुष्यात मला एकदाच दाद मिळाली, आणि ती मी मागितली असती त्याहून मोठी मिळाली. पण ती देण्याइतकी नजर त्याला आली ती त्या एका वर्षात, आणि तेव्हा मी बाजारात त्याच्या आईकडून बोंबील घेत उभा होतो. माझ्या कामाची पावतीसुद्धा मला त्याच्याकडूनच घ्यावी लागली. तेच मला अजून खुपतं.